अक्रोड कोणाचा?

लुईव्हिल, केंटकी
रविवार, रात्री उशिरा

प्रिय अव्या,

अक्रोड सापडत नाही. बाकीचं सगळं मागाहून लिहितो, आधी हे ऐक, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" एवढंच म्हणतील. नीलाला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यातले चार अक्रोड काढून माझ्यासमोर ठेवले.

एलायजा क्रेग, इथली बर्बन व्हिस्की, पिंपात बारा वर्षं मुरलेली. 2011 साली बार्ड्सटाउन रोडवरच्या दुकानातून आपण दोन घेतल्या होत्या, त्यातली राहिलेली. ती फोडली. तू नसताना फोडली. आता तू जे काही म्हणणार आहेस ते म्हणून घे, मी थांबतो. झालं? मग कारण ऐक.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांचं पत्र आलं. नाशिकचे, निवृत्त, मुलीकडे ओहायोला आले होते. हल्लीच्या एलायजा क्रेग स्मॉल बॅचवर मी 2019 साली लिहिलं होतं, ते वाचून त्यांनी बाटली घेतली आणि आठवडाभर रोज संध्याकाळी थोडी थोडी घेऊन माझ्या परीक्षणातला एकेक वास शोधला. लिहितात, काकवी मिळाली, जायफळ मिळालं, खोबऱ्याचा वास तर बाटली उघडताच आला. पण अक्रोड काही केल्या मिळत नाही. वय झालं, नाक गेलं असावं, यावर काही उपाय आहे का?

अव्या, हे वाचून मला झोप लागली नाही. एक भला माणूस माझ्या एका शब्दामुळे स्वतःच्या नाकाला दोष देतोय.

त्याच रात्री हल्लीची बाटली काढली. ग्लेनकेर्नमध्ये, त्या वास घ्यायच्या निमुळत्या ग्लासात, ओतली, दहा मिनिटं तशीच ठेवली, मग वास घेतला. काकवी, खोबरं, जायफळ. अक्रोड नाही. आधी वाटलं, दारूच बदलली असेल. तुला आठवतं ना, 2016 च्या सुरुवातीला लेबलवरचा 12 चा आकडा त्यांनी काढून टाकला, तेव्हापासून आठ ते बारा वर्षांची पिंपं मिसळतात. तू इथून गेल्यानंतरची गोष्ट, पण फोनवर तू एवढा चिडला होतास की वहिनींनी तुझ्या हातातून फोन काढून घेतला होता. तर म्हटलं, जुन्या पिंपांबरोबर अक्रोडही गेला असेल. पण 2019 सालचं माझं लिखाण तर आकडा गेल्यानंतरचंच! तेव्हा अक्रोड लिहिला तो कुठून? म्हणून जुनी काढली.

माझी 2011 ची वही समोर घेतली. निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यावर बापूनं चिंचेची चटणी सांडली होती ती. पानावर लिहिलंय: "काकवी. सुकं खोबरं. जुन्या कपाटाचा आतला वास. शेवटी अक्रोड, बराच वेळ रेंगाळतो." अक्रोडाखाली दोन रेघा. आणि ग्लासात काकवी आहे, खोबरं आहे, कपाटही आहे. अक्रोड नाही.

आता तू लगेच म्हणशील, बाटली खराब झाली. मीही तेच धरून चाललो होतो. पण बूच ठणठणीत निघालं, दारू मानेपर्यंत होती, आणि एवढी वर्षं ती अंधाऱ्या कपाटात उभी होती. बंद बाटलीत दारू पुढे पिकत नाही, तिचं वय पिंपातून बाहेर आली त्या दिवशीच थांबतं. जिच्यावर वहीत लिहिलंय ती बाटली आणि ही बाटली एकाच खोक्यातून आपल्यासमोर दुकानदारानं काढून दिली होती. त्यामुळे बाटलीला दोष देता येत नाही.

मग डिस्टिलरी. इथे मी दोन दिवस रमलो, तेही सांगतो, कारण तुला आवडेल. 2011 मध्ये बारा वर्षांची म्हणजे 1999 ची किंवा त्याआधीची दारू. आणि 1996 च्या नोव्हेंबरात, एलायजा क्रेग बनवणाऱ्या हेवन हिलची बार्ड्सटाउनची डिस्टिलरी जळाली. आपण गेलो होतो तेव्हा त्या गाइड बाईंनी सांगितलं होतं बघ, सात गोदामं पेटली आणि पेटलेली दारू उतारावरून ओढ्यासारखी वाहत होती. नव्वद हजारांच्या आसपास पिंपं गेली. त्यानंतर 1999 मध्ये त्यांनी लुईव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी विकत घेतली, मधली काही वर्षं त्यांची दारू बीम आणि ब्राउन-फॉर्मन या दुसऱ्या कंपन्यांकडे गाळली जात होती. म्हणजे आपल्या बाटलीतली दारू दुसऱ्याच्या भट्टीतली असू शकते! मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. पण आपला प्रश्न त्यानं सुटत नाही. दोन्ही बाटल्यांत दारू एकच, मग ती कुणी का गाळलेली असेना, 2011 ला पहिलीत जे होतं ते आज दुसरीत असायलाच हवं.

म्हणजे राहिलं माझं नाक.

नाकाची परीक्षा नीलाच्या हातून करून घेतली. डोळे मिटून अक्रोड, बदाम, काजू, शेंगदाणे, जुनं खोबरं, सगळं ओळखलं. अक्रोड तर पहिल्यांदा. मग तीन ग्लासांची चाचणी: दोनांत एक बाटली, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. दोन्ही 94 प्रूफच्या, म्हणजे 47 टक्के अल्कोहोलच्या, तेव्हा दारूच्या जोरावरून ओळखण्याची सोय नाही. नुसत्या नशिबावर तीनातून एकदा बरोबर येतं. माझं त्याहून पुष्कळ जास्त वेळा बरोबर आलं. जुनी आणि नवी यांतला फरक मला स्वच्छ कळतो. जुनीत लाकूड खोल आहे, गोडवा मंद आहे. नवीत वर वर व्हॅनिला जास्त. नाक शाबूत आहे, अव्या. फक्त अक्रोड नाही.

हे कळल्यावर मला खरी भीती वाटली. आता ते सांगतो. रागावू नकोस, आणि हसूही नकोस.

2011 ची ती संध्याकाळ आठव. माझं घर, डिसेंबर, बापू, मध्या, तू, मी. मी नियम केला होता की पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, ज्यानं त्यानं आपापल्या वहीत लिहायचं. तो नियम तू पाळलास का? एकदाही पाळलास का? घोट घशाखाली गेला न गेला तोच तू टेबलावर थाप मारलीस आणि ओरडलास, "अक्रोड! शेवटी अक्रोड आहे रे!" त्यावरून आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी म्हटलं, तू सगळ्यांची जीभ बिघडवतोस. तू म्हणालास, चवीला परीक्षा हॉल लागत नाही. मध्या बिचारा मध्ये पडला आणि म्हणाला, "पण स्मूद आहे." मध्यानं त्या वर्षी प्रत्येक बाटलीपुढे "स्मूद" लिहिलं, एकदा तर पाण्याच्या ग्लासापुढेही. पण बघ, आपल्या चौघांत दुसऱ्याचं ऐकून न लिहिणारा तो एकटाच होता.

तेव्हा मला अक्रोड खरोखर लागला होता. हे मी शपथेवर सांगतो. बळंच लिहिला नव्हता. तू म्हणालास आणि तोंडात अक्रोड उमटला. आणि मग पुढे जेव्हा जेव्हा ती बाटली घेतली तेव्हा वहीतला शब्द डोक्यात आधी यायचा आणि जिभेवर अक्रोड नंतर यायचा. 2019 ला तेच झालं. या वेळी त्या गृहस्थांच्या पत्रामुळे मी पहिल्यांदा त्या शब्दाकडे संशयानं बघत घोट घेतला, आणि तो शब्द उठून गेला.

तू इथून गेलास त्यानंतर एवढी वर्षं मी तुझ्याच नाकानं वास घेत होतो का?

बोर्डो विद्यापीठातला तो प्रयोग तुला मी एकदा वाचून दाखवला होता. 2001 सालचा. वाइन शिकणारे 54 विद्यार्थी, त्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगानं रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन मुख्यतः लाल वाइनच्या शब्दांत केलं. ती पोरं खोटं बोलत नव्हती, त्यांच्या डोळ्यांनी नाकाला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि 2013 मध्ये मेकर्स मार्क या बर्बनच्या कंपनीनं अल्कोहोल 45 टक्क्यांवरून 42 वर आणायचं जाहीर केलं होतं, तेव्हा चव तीच राहील असं कंपनी सांगत होती, पण लोकांनी एवढा आरडाओरडा केला की आठवड्याभरात निर्णय मागे घेतला. त्या लोकांपैकी कितींनी ती पातळ दारू चाखली होती? आकडा ऐकला आणि चव बिघडली. मी हे सगळं दुसऱ्यांना सांगत आलोय, म्हणूनच आता जिवाला लागलंय.

मग मी दुसरं काम केलं. वही मिटली, नाव विसरलो, आणि फक्त शेवटच्या चवीकडे लक्ष दिलं. तिथे काहीतरी आहे, अव्या! गोडवा ओसरल्यावर जिभेच्या कडांना एक कोरडा, तुरट, किंचित कडू पापुद्रा राहतो. ते लाकडातलं टॅनिन. बारा वर्षं नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्ये काढल्यावर ते उतरणारच. आणि त्या तुरटपणाला कुणी काही न सांगता मी काय म्हणालो असतो? भाजलेल्या शेंगदाण्याचं लाल साल. मी ते मोठ्यानं म्हटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण ते माझं होतं. तुमच्या घरी काकांच्या पोस्टिंगमुळे काश्मीरचे अक्रोड पोत्यानं यायचे, तुझ्या आईनं ते दिवाळीत सगळ्या वाड्यात वाटले होते. आमच्याकडे शेंगदाणे. आजोबांच्या गुऱ्हाळावर कढईशेजारी बसून शेंगा खायचो, सालं फुंकून उडवायचो. काकवी माझीच आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ती कुणी सांगितली नाही, ती तिथूनच आली.

आता तुला वाटेल, मग सुटलं की! तू अक्रोड म्हणायचं, मी शेंगदाण्याचं साल म्हणायचं, चव एकच. पण ती एकच आहे का? तुला लागणारा अक्रोड म्हणजे हाच तुरट पापुद्रा, की त्याच्याही पलीकडे काही तेलकट, गोडसर आहे जे माझ्या नाकाला कधीच मिळालं नाही? हे मला कळत नाही आणि कळल्याशिवाय मी त्या गृहस्थांना उत्तर देऊ शकत नाही. "तुमचं नाक उत्तम आहे" एवढं मात्र उद्याच कळवतो, तेवढं नक्की.

आणि प्रश्न एका बाटलीचा राहिलेला नाही. माझ्या जुन्या वह्या काढून बसलोय. ओल्ड फॉरेस्टर बर्बनमधलं पिकलेलं केळं? त्याची मला काळजी नाही, आंबवताना यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, केळ्यातही तेच असतं. खोबरं ओकमधल्या लॅक्टोनमुळे येतं, व्हॅनिला लाकडातल्या लिग्निनमधून. हे वास कुणी बोलो न बोलो, तिथे आहेत. पण "देवघरातलं जुनं चंदन"? "पावसात भिजलेलं गोणपाट"? "चिंचेचा कोळ"? (चिंच तर बापूच्या चटणीचीच असणार.) एकेका शब्दापुढे पेन्सिलनं लिहितोय: मी, अव्या, बापू, खात्री नाही. जिथे तुझं नाव आहे तिथली परीक्षणं मी पुन्हा करणार आहे, बाटली झाकून, एकट्यानं. लोक हे वाचून दीडदोनशे डॉलर्स मोजतात रे. एखाद्यानं पगारातून वाचवून एक बाटली घ्यायची आणि माझ्या शब्दाच्या मागे लागून हातातली चव सोडून द्यायची, हे मला चालणार नाही.

तुझं पाण्याचं भांडण या सगळ्यात पुन्हा आठवलं. दोन थेंब टाक, दोन थेंब टाक म्हणून तू डोकं खायचास. 2017 मध्ये स्वीडनच्या दोघा संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं की पाणी घातल्यावर गुआयाकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ येतो. तू तो लेख मला पाठवून खाली फक्त "हं?" लिहिलं होतंस. माझं म्हणणं आजही तेच आहे: गुआयाकॉल पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळणाच्या, धुरातल्या स्कॉचमध्ये मुबलक असतो, तिथे दोन थेंब टाक, माझी हरकत नाही. 47 टक्क्यांच्या बर्बनला पाणी लागत नाही. फार तर पाणी न घालता पिंपातून तशीच भरलेल्या बॅरल प्रूफला. निकाल तुझ्या बाजूनं अर्धाच लागलाय.

आणि पिंपावरच्या आकड्याचंही. "गोव्याची पाच-सहा वर्षांची तुमच्या बाराला भारी पडते" हे तुझं पालुपद. ते मी आता मान्य करून टाकतो, पण माझ्या कारणानं. कुंकळ्ळीच्या उन्हात पिंपातून एवढी दारू उडून जाते की बारा वर्षं ठेवायला पिंपात काही उरायला तर हवं. आणि तुझी गोव्याची पॉल जॉन व्हिस्की ज्या पिंपांत मुरते ती आमच्याकडचीच, बर्बन काढून घेतलेली, कारण बर्बनला इथल्या कायद्यानं दर वेळी कोरं पिंप लागतं. तेव्हा तुझ्या पॉल जॉन ब्रिलियन्समधल्या व्हॅनिलावर केंटकीचाही थोडा हक्क आहे, एवढं लक्षात ठेव.

बरं, तुझं काय? सईचं सिनसिनाटीचं शिक्षण संपतंय हे वाचून फार आनंद झाला. नोकरीचं बघेल ती, तू फोन करून करून तिला भंडावू नकोस. काकूंचा दुसरा मोतीबिंदू झाला का? दुकानाच्या गाळ्याचा निकाल लागला की नाही ते तू तीन पत्रांत लिहिलेलं नाहीस. वहिनींना सांग, मेतकूट पोचलं, संपलं. माझी तब्येत बरी, साखर थोडी वर, गोळी चालू, गुडघ्याला व्यायाम सांगितलाय. घेण्याचं प्रमाण तू होतास तेव्हाच्या निम्म्यावर आणलंय, आता पंधरा मिलिलिटर ओततो आणि तासभर त्याच्याशी बसतो. नीला मजेत.

आता मुद्द्याचं. तू मे महिन्यात सईच्या पदवीदानाला येतोयस. सिनसिनाटीहून लुईव्हिल गाडीनं पावणेदोन तास. डर्बी, ती घोड्यांची शर्यत, मेच्या पहिल्या शनिवारी, त्या आठवड्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्यानंतर ये, आणि चार दिवस तरी राहा. एक दिवस बार्ड्सटाउनला जाऊ. गोदामांच्या भिंतींवरची आणि झाडांवरची ती काळी बुरशी आता आणखी पसरलीये. राज्यात माणसामागे तीनहून जास्त पिंपं मुरत पडलीयेत आणि सगळे विचारतायत की एवढी दारू पिणार कोण.

जुनी एलायजा क्रेग मी अर्ध्याहून जास्त ठेवली आहे. अर्धी रिकामी बाटली तशीच ठेवली तर हवेनं वास उतरतो, म्हणून पन्नास मिलिलिटरच्या कुप्यांत काठोकाठ भरून, बूच लावून कपाटात ठेवलीये. तुझ्या वाट्याला कमी पडणार नाही.

चाचणी नीला मांडेल. ग्लासांवर फक्त आकडे. जुनी, नवी, एक ओल्ड फॉरेस्टर, आणि तू येताना आणशील ती ब्रिलियन्स (सीलबंद आण, नाहीतर विमानतळावर ठेवून घेतील). तू स्वयंपाकघरात बसायचं, मी हॉलमध्ये. दार बंद. मोठ्यानं एक अक्षर बोलायचं नाही, अव्या. थाप मारायची नाही. तू मारलीस तर भिंतीतून ऐकू येते. तू तुझ्या मनानं अक्रोड लिहिलास, आणि तो योग्य ग्लासापुढे लिहिलास, तर अक्रोड त्या बाटलीत आहे, माझ्या नाकाला तो मिळत नाही एवढंच, आणि मी परीक्षणात तसं स्पष्ट लिहीन: हा वास माझ्या मित्राला मिळतो. तुलाही नाही मिळाला तर मात्र तो शब्द मी सगळीकडून काढणार.

तोपर्यंत तुझी 2011 ची वही उघडू नकोस. तुझ्या वहीत त्या पानावर काय आहे ते मला फार बघायचंय, पण दोघांनी मिळून, चाचणीनंतर. ती न विसरता आण. आधीचे दोन दिवस तंबाखूचं पान बंद, तांबडा रस्सा बंद. हे कोल्हापूरकराला सांगणं पाप आहे हे मला ठाऊक आहे, तरी सांगतोय.

तारीख लवकर कळव, मला सुट्टी टाकावी लागेल.

तुझा,
सुध्या

ता. क. मध्याला यातलं काही सांगू नकोस, पण त्याच्याकडे त्या डिसेंबरच्या नोंदी अजून असतील तर मागून घे. आणि बापूचा नवा नंबर पाठव, माझ्याकडचा लागत नाही.